कॅमेऱ्याचे फर्मवेअर बदलले आणि लेन्स अडखळू लागली

मूळ लेखन

कॅमेऱ्याचे फर्मवेअर, म्हणजे कॅमेरा चालवणारे त्याच्या आतील सॉफ्टवेअर, अपडेट करावे का, असे विचारले की ‘करावे, त्यात सुधारणाच असतात’ हे उत्तर ठरलेले असते. नवी आवृत्ती टाकल्यानंतर माझ्या टेलिफोटो झूम लेन्सचे जे झाले ते पाहता हे उत्तर अपुरे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. त्यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीपुरता नाही.

बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेली, आहे. लेन्स दुसऱ्या कंपनीची असली तरी त्याच माउंटसाठी (लेन्स बॉडीला जोडण्याच्या जागेसाठी) बनवलेली आहे, म्हणजे मध्ये अडॅप्टर (वेगळ्या माउंटची लेन्स बसवणारा जोडतुकडा) नाही. अपडेटपूर्वी उडत्या पक्ष्यावर सतत फोकस धरून ठेवण्याचे काम ही जोडी उत्तम करत होती. अपडेटनंतर तीन गोष्टी बदलल्या. पहिली अशी की, झूम पूर्ण बाहेर काढून, म्हणजे विषय सर्वाधिक जवळ आणून, हलत्या विषयावर फोकस लावला की लेन्स विषयापर्यंत पोहोचते, किंचित मागे येते आणि पुन्हा पुढे जाते. त्यामुळे बर्स्टमधील (सलग वेगाने घेतलेल्या छायाचित्रांतील) पहिली चौकट धारदार येते, पुढच्या दोन-तीन मऊ येतात, मग एखादी पुन्हा धारदार. दुसरी गोष्ट लेन्सच्या नळीवरील फोकस-होल्ड बटणाची. त्याला मी डोळे ओळखण्याचे काम नेमून दिले होते आणि मेनूत ती नेमणूक आजही दिसते, पण बटण दाबल्यावर काहीच घडत नाही. तिसरी गोष्ट वरवर किरकोळ आहे, पण मला तीच सर्वांत सूचक वाटते : छायाचित्राच्या एक्झिफ माहितीत (कॅमेरा फायलीत आपोआप लिहितो त्या नोंदीत) फोकल लेंग्थ (लेन्स दृश्य किती जवळ आणते याचे माप) आणि छिद्र (अ‍ॅपर्चर) बरोबर नोंदले जाते, लेन्सचे नाव मात्र कोरे असते.

बॉडीच्या कंपनीची स्वतःची लेन्स लावली की यांतले काहीही होत नाही. बदलांच्या यादीत एका नव्या लेन्सचा आधार, मेनूतील एका भाषेची दुरुस्ती आणि ‘कॅमेऱ्याच्या कार्यातील स्थैर्य वाढवले’ एवढेच लिहिले आहे. या शेवटच्या वाक्यात काय काय बसते, हे ग्राहकाला कळायला मार्ग नाही. जुनी आवृत्ती पुन्हा टाकावी म्हटले, तर कार्डावरची जुनी फाइल कॅमेरा स्वीकारतच नाही.

लेन्सच्या खोक्यावर ‘अमुक माउंटशी सुसंगत’ असे छापलेले असते, पण ती सुसंगती प्रत्यक्षात छपाईच्या दिवशी जी फर्मवेअर आवृत्ती होती तिच्याशी असते. पुढे बॉडीची कंपनी काय बदलेल यावर लेन्स बनवणाऱ्याचे नियंत्रण नाही, आणि जे बदलले ते सांगण्याचे बंधन बॉडीच्या कंपनीवर नाही. दोघांनाही पैसे देणारा ग्राहक मात्र मध्ये सापडतो. म्हणून माझी मागणी साधी आहे : नवी आवृत्ती द्या, पण जुन्या आवृत्तीवर परतण्याचा रस्ता उघडा ठेवा. हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे का, आणि दरम्यान आपल्यासारख्यांनी काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

तुमचे तिसरे लक्षण सर्वांत सूचक आहे हे अगदी खरे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

लेन्स बॉडीला लावली की दोघींची आधी ओळखपाळख होते. माउंटवर दिसणाऱ्या सोनेरी संपर्कबिंदूंतून लेन्स आपला ओळख-क्रमांक, फोकल लेंग्थचा पल्ला, छिद्राच्या मर्यादा आणि फोकस मोटरची वैशिष्ट्ये कळवते. हे बिंदू किती आणि त्यांतून काय जाते, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. कॅननच्या १९८७ च्या ईएफ माउंटमध्ये बॉडीवर ८ बिंदू होते, २०१८ च्या आरएफ माउंटमध्ये ते १२ झाले. सोनीच्या ई माउंटमध्ये १० आणि निकॉनच्या झेड माउंटमध्ये ११ आहेत. बिंदू वाढले म्हणजे संभाषण वाढले, आणि संभाषण वाढले म्हणजे त्यात गैरसमजाच्या जागाही वाढल्या.

थर्ड पार्टी, म्हणजे बॉडीच्या कंपनीखेरीज इतर कंपनीची, लेन्स हे संभाषण दोन प्रकारे शिकते. एक तर माउंटची मालक कंपनी परवाना देऊन तपशील उघड करते. सोनीने ई माउंटचा मूलभूत तपशील २०११ मध्ये इतर उत्पादकांना विनाशुल्क खुला केला, तो या प्रकारचा. दुसऱ्या प्रकारात लेन्स बनवणारी कंपनी बाजारातल्या बॉडी आणि लेन्स घेऊन त्यांच्यातील संदेश टिपते व त्यांचे अर्थ लावते. या मार्गाने शिकलेल्या लेन्सला त्या वेळी वापरात असलेले संदेशच माहीत असतात. बॉडीने पुढे कधी राखून ठेवलेला एखादा संदेश वापरायला सुरुवात केली, तर मूळ कंपनीच्या लेन्सला त्याचे उत्तर आधीपासून ठाऊक असते आणि ही लेन्स गप्प बसते.

हे नवे नाही. फिल्मच्या काळातील कित्येक सिग्मा लेन्स कॅननच्या डिजिटल बॉडीवर पूर्ण उघड्या छिद्राला चालत, पण छिद्र लहान केले की ‘एरर ९९’ दाखवून कॅमेरा थांबे. त्यांतल्या काहींना नवी चिप बसवून मिळाली, उरलेल्या कायमच्या उघड्या छिद्राच्या लेन्स होऊन बसल्या. २०१३ मध्ये निकॉनचा डी५३०० आला तेव्हा सिग्माच्या काही लेन्सचे लाइव्ह व्ह्यूमधील (मागच्या पडद्यावर पाहून छायाचित्र घेतानाचे) ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम घालवणारी यंत्रणा) त्यावर नीट चालेना, आणि सिग्माला लेन्सचे फर्मवेअर बदलून द्यावे लागले. ही उदाहरणे नव्या बॉडीची आहेत, अपडेटची नाहीत. पण लेन्सच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, कारण समोरचा बोलण्याची रीत बदलतो आणि लेन्सला ते कुणी सांगितलेले नसते.

आता तुमच्या फोकसच्या तक्रारीकडे येतो. सतत फोकस करताना बॉडी विषय कुठे जाईल याचा अंदाज बांधते आणि लेन्सला पुन्हा पुन्हा आज्ञा देते. या गणनेचा वेग झपाट्याने वाढला आहे : सोनीच्या २०१७ च्या ए९ मध्ये ती सेकंदाला ६० वेळा होत असे, २०२१ च्या ए१ मध्ये १२० वेळा. बॉडीच्या नव्या आवृत्तीत आज्ञांची लय बदलली आणि लेन्सचा प्रोसेसर किंवा मोटर त्या लयीत उत्तर देऊ शकली नाही, तर बॉडीला लेन्सची जागा एक पाऊल उशिरा कळते. मग बॉडी जास्त दुरुस्ती करते, लेन्स पुढे निघून जाते, पुन्हा मागे बोलावली जाते. तुम्ही वर्णन केलेले ‘पोहोचते, मागे येते, पुन्हा पुढे जाते’ हे या विलंबाचे नेहमीचे लक्षण आहे. खात्री मात्र चाचणीनेच होईल.

प्रतिसाद २

वरील विवेचन उत्तम आहे, पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : जे बंद पडले असे वाटते, ते अपडेटपूर्वी खरोखर चालू होते का?

असे विचारण्याचे कारण आहे. अपडेटनंतर माणूस मेनू नव्याने चाळतो आणि करड्या रंगातले, म्हणजे निवडता न येणारे, पर्याय प्रथमच त्याच्या नजरेस पडतात. त्यांतले बरेच थर्ड पार्टी लेन्सला पहिल्या दिवसापासून मिळालेले नसतात. सोनीच्या ए१ मध्ये सेकंदाला ३० आणि ए९ मार्क ३ मध्ये १२० चौकटी मिळतात, पण थर्ड पार्टी लेन्स लावली की हा वेग १५ वर थांबतो. फोकस बदलताना चौकटीचा आवाका किंचित बदलतो, ते झाकणारी ब्रीदिंग दुरुस्तीही सोनीच्या ठरावीक लेन्ससाठीच आहे. मायक्रो फोर थर्ड्ससारख्या सामायिक माउंटमध्येही पॅनासॉनिकची ड्युअल आयएस आणि ऑलिम्पसची (आता ओएम सिस्टम) सिंक आयएस, म्हणजे बॉडी आणि लेन्सचे एकत्रित स्टॅबिलायझेशन, आपापल्या कंपनीच्या लेन्सपुरतीच चालते. हे धोरण आहे, बिघाड नव्हे. त्याबद्दल तक्रार जरूर करावी, पण ती वेगळी तक्रार आहे. दोन्ही एकत्र केल्या, तर कंपनीला ‘ही मर्यादा आधीपासूनच जाहीर आहे’ असे एका ओळीत उत्तर देऊन मोकळे होता येते.

धागाकर्ता

प्रश्न रास्त आहे. बर्स्टचा कमाल वेग मिळत नाही अशी माझी तक्रार नाही. ती मर्यादा लेन्स घेतानाच माहीत होती. मी लिहिलेल्या तिन्ही गोष्टी जुन्या आवृत्तीत चालत होत्या आणि त्याचा पुरावा फायलींतच आहे. जुन्या छायाचित्रांच्या एक्झिफमध्ये लेन्सचे पूर्ण नाव आहे आणि अपडेटच्या दिवसापासून ते नाहीसे झाले आहे.

सुदैवाने त्याच मॉडेलची दुसरी बॉडी अजून जुन्या आवृत्तीवर आहे, म्हणून काल तुलना केली. तिपाईवर (ट्रायपॉडवर) कॅमेरा ठेवून माझ्या दिशेने चालत येणाऱ्या माणसावर दोन्ही बॉडींतून तीच लेन्स लावून बर्स्ट घेतले. प्रकाश, शटरचा वेग, फोकसचे क्षेत्र आणि ट्रॅकिंगची संवेदनशीलता (विषय हलल्यावर फोकस किती चटकन बदलावा याचे सेटिंग) सारखी ठेवली. जुन्या आवृत्तीच्या बॉडीवर फोकस चेहऱ्यावर टिकून राहतो. नव्या आवृत्तीच्या बॉडीवर चौकटी ओळीने मोठ्या करून पाहिल्या, तर धारदार भाग आधी डोळ्यांवर, मग कानांवर, मग खांद्यामागे आणि पुन्हा डोळ्यांवर असा फिरताना स्पष्ट दिसतो. झूम आत घेतला की हा फरक जवळपास दिसेनासा होतो. प्रतिसाद १ मधील विलंबाच्या स्पष्टीकरणाशी हे जुळते, कारण लांब फोकल लेंग्थला फोकसची खोली कमी असते आणि एवढासा उशीरही उघडा पडतो.

प्रतिसाद ३

तुलना अशीच करायला हवी. ज्यांच्याकडे दुसरी बॉडी नाही त्यांच्यासाठी माझी पद्धत लिहिते. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला हे कळत नाही.

सर्वप्रथम संपर्कबिंदू कोरड्या, मऊ, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसून लेन्स पुन्हा लावावी. हे पोरकट वाटेल, पण लेन्सचे नाव कोरे येणे हे मळलेल्या बिंदूंचेही लक्षण असू शकते आणि अपडेटशी त्याची गाठ निव्वळ योगायोगाने पडलेली असू शकते. त्यानंतर कॅमेऱ्यातील लेन्स-दुरुस्तीचे सर्व पर्याय, म्हणजे कडांचा काळेपणा, रंगांची झालर, भौमितिक विकृती यांची दुरुस्ती, बंद करून पाहावे.

या पर्यायांवर थोडे थांबते, कारण इथला गोंधळ लोकांना ऑटोफोकसचा किंवा सेन्सरचा वाटतो. जुन्या पद्धतीने शिकलेल्या काही लेन्स बॉडीला मूळ कंपनीच्या एखाद्या लेन्सचाच ओळख-क्रमांक सांगतात. बॉडी त्या क्रमांकाच्या लेन्सची दुरुस्ती-माहिती उचलते आणि दुसऱ्याच काचेतून आलेल्या चित्रावर लावते. परिणामी एकसारख्या आकाशाच्या छायाचित्रात मध्यबिंदूभोवती वर्तुळाकार पट्टे दिसतात, किंवा कोपरे काळे असण्याऐवजी अनैसर्गिक उजळ होतात. बॉडीच्या नव्या आवृत्तीत एखाद्या लेन्सची दुरुस्ती-माहिती नव्याने आली, की कालपर्यंत निर्धोक असलेला तोच क्रमांक आज अडचणीचा ठरतो. लेन्स तीच, चित्र मात्र बिघडते. २०१६ मध्ये कॅननचा ईओएस-१डी एक्स मार्क २ आला तेव्हा कॅमेऱ्यातील ही दुरुस्ती बंद ठेवावी, असे सिग्माला आपल्या ग्राहकांना सांगावे लागले होते. निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत) आवृत्तीच्या पडद्यावर ‘सी’ आणि ‘एल’ अशा दोन वेगळ्या ओळी दिसतात. त्यांतली ‘एल’ ही लेन्सच्या विकृती-दुरुस्तीच्या माहितीची आवृत्ती असते. बरेच जण फक्त ‘सी’ पाहतात आणि दुसरी ओळ सोडून देतात.

हे करूनही दोष राहिला, तर कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज जतन करून मग संपूर्ण रीसेट करावा. आवृत्ती बदलल्यावर जुन्या सेटिंग्जचे काही अवशेष नव्या मेनूशी जुळत नाहीत. तुमच्या मृत बटणाचा इलाज इथेच निघण्याची शक्यता मला बरीच वाटते, कारण मेनूत नेमणूक दिसते पण ती कामाला जोडली गेलेली नाही. रीसेटनंतर जतन केलेली फाइल लगेच परत भरू नये. आधी बटणाला हाताने नव्याने काम नेमून पाहावे, नाहीतर तोच अवशेष परत येईल.

सर्वांत शेवटी लेन्सच्या स्वतःच्या फर्मवेअरकडे वळावे.

प्रतिसाद ४

मी समारंभांची छायाचित्रे काढतो, त्यामुळे माझ्यासाठी हा प्रश्न पुन्हा न घेता येणाऱ्या क्षणांचा आहे. कामाच्या आदल्या आठवड्यात मी कोणतेही अपडेट करत नाही, आणि दोन बॉडी कधीही एकाच दिवशी अपडेट करत नाही. एक बॉडी नव्या आवृत्तीवर नेतो आणि कामात वापरतो त्या प्रत्येक लेन्स, फ्लॅश, ट्रिगर, मेमरी कार्ड व बॅटरीसह तिच्यावर सराव करतो. दुसरी बॉडी तोवर जुन्याच आवृत्तीवर राहते. धागाकर्त्यांना तुलना करता आली ती अशी बॉडी हाताशी होती म्हणूनच.

बॅटरीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. २००९ मध्ये पॅनासॉनिकने आपल्या काही कॅमेऱ्यांसाठी असे फर्मवेअर काढले होते की ते टाकल्यावर इतर उत्पादकांच्या बॅटऱ्या चालेनाशा झाल्या. त्यामागे सुरक्षिततेचे कारण देण्यात आले होते आणि ते अगदीच पोकळ नव्हते, कारण निकृष्ट बॅटरी धोकादायक असते. तरीही ऐन कामात कॅमेऱ्याने बॅटरी नाकारली तर ते कारण कळून उपयोग नसतो. अपडेटची तपासणी केवळ लेन्सपुरती ठेवू नये, हे यातून लक्षात घ्यावे.

प्रतिसाद ५

परतीच्या रस्त्याच्या मागणीबद्दल वेगळे मत मांडतो. मी उपकरणांत बसवल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो, कॅमेरा कंपनीत नाही.

कंपन्या जुनी आवृत्ती रोखतात ती केवळ हटवादीपणाने नव्हे. नवी आवृत्ती कधी कधी कॅमेऱ्याच्या आतील कायमस्वरूपी स्मृतीतील माहितीची मांडणी बदलते. कारखान्यात मोजून भरलेली सेन्सरची, फोकसची आणि स्टॅबिलायझेशनची जुळणी-माहिती त्याच स्मृतीत असते. जुन्या आवृत्तीला नवी मांडणी वाचता आली नाही, तर कॅमेरा सुरूच न होण्याचा धोका असतो आणि मग तो सेवा केंद्रातच पाठवावा लागतो. दुसरे कारण सुरक्षेचे आहे. आजचे कॅमेरे वायफायने फोनला आणि संगणकाला जोडलेले असतात. एखादी पळवाट बुजवल्यावर ती पुन्हा उघडणारी आवृत्ती टाकू देणे कंपनीला परवडत नाही. तिसरे कारण उत्पादनाचे आहे : एकाच मॉडेलच्या नंतरच्या तुकड्यांत आतला एखादा भाग बदललेला असतो आणि जुन्या फर्मवेअरला त्याची ओळखच नसते.

म्हणून ‘कोणतीही जुनी आवृत्ती कधीही’ ही मागणी मला मान्य नाही. ‘लगतची मागची आवृत्ती ठरावीक काळापर्यंत’ ही मागणी मात्र पूर्णपणे रास्त आहे आणि ती तांत्रिकदृष्ट्या शक्यही आहे. नवी मांडणी लिहिण्यापूर्वी जुनीची प्रत ठेवणे ही या क्षेत्रातील नेहमीची पद्धत आहे. शिवाय कंपन्याही चुकतात आणि माघार घेतात. फुजीफिल्मने २०१८ मध्ये एक्स-टी२ साठी ४.०० ही आवृत्ती काढली, दोष आढळल्यावर ती मागे घेतली आणि पुढे ४.०१ दिली. कंपनीला स्वतःची फाइल मागे घेता येते, पण ज्याने ती आधीच टाकली त्याच्या हातात बऱ्याचदा परतीचा पर्याय नसतो, ही विषमता मला खटकते.

धागाकर्ता

तुमचे तिसरे कारण मला माहीत नव्हते आणि ते पटले. माझी मागणी मी त्यानुसार दुरुस्त करतो : लगतची मागची आवृत्ती हवी, आणि ज्या तुकड्यावर ती चालणार नाही तिथे कॅमेऱ्याने तसे पडद्यावर सांगावे. आजचा ‘योग्य फाइल सापडली नाही’ हा संदेश दिशाभूल करणारा आहे, कारण फाइल योग्यच असते. ती मुद्दाम नाकारलेली असते.

प्रतिसाद ६

चर्चा चांगली चालली आहे, पण वाचणाऱ्याचा ‘मग अपडेट करायलाच नको’ असा समज होऊ नये म्हणून लिहितो. फुजीफिल्मच्या एक्स-टी१ ला २०१५ च्या ४.०० आवृत्तीने नवीच ऑटोफोकस पद्धत दिली. निकॉनच्या झेड६ आणि झेड७ ला डोळे ओळखण्याची सोय २०१९ मध्ये फर्मवेअरमधूनच मिळाली. झेड९ ला २०२३ च्या ४.०० आवृत्तीत ऑटो कॅप्चर आले, म्हणजे ठरवून दिलेला विषय चौकटीत आला की कॅमेरा आपण होऊन छायाचित्र घेतो. हे सर्व आधी विकत घेतलेल्या कॅमेऱ्यांना मिळाले. शिवाय नवी लेन्स घेतली की तिची ओळख बॉडीला पटण्यासाठी बऱ्याचदा नवी आवृत्ती लागतेच, त्यामुळे अपडेट कायमचे टाळणे कुणालाच जमत नाही.

प्रतिसाद ७

ज्यांच्या जोडणीत अडॅप्टर आहे त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त गुंतागुंत तिथे आहे आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी लिहिले जाते.

सिग्माचा २०१६ चा एमसी-११ किंवा मेटाबोन्सचे अडॅप्टर हे दुभाष्याचे काम करतात : एका बाजूला ईएफ लेन्सची भाषा, दुसऱ्या बाजूला ई माउंटची. अशा जोडणीत बॉडी, अडॅप्टर आणि लेन्स अशी तीन फर्मवेअर असतात आणि तिघांच्या आवृत्त्या एकमेकींना जुळाव्या लागतात. बॉडी अपडेट केली आणि ऑटोफोकस बिघडला तर लोक लेन्सला दोष देतात, पण इलाज बहुतेकदा अडॅप्टरच्या नव्या आवृत्तीत असतो. त्या अडॅप्टरला यूएसबीचे छिद्र आहे का, हे आधी पाहावे. काही स्वस्त अडॅप्टरना ते नसते, मग तो अडॅप्टर ज्या दिवशी बनला त्या दिवसाच्याच ज्ञानावर कायमचा राहतो.

लेन्सचेही तसेच आहे. सिग्माच्या डीएसएलआर काळातील आर्ट, कंटेम्पररी आणि स्पोर्ट्स मालिकांसाठी यूएसबी डॉक, म्हणजे लेन्स संगणकाला जोडून तिचे फर्मवेअर बदलण्याचे साधन, आहे. टॅमरॉनने २०१६ मध्ये तसेच टॅप-इन कन्सोल आणले आणि पुढे मिररलेससाठीच्या बऱ्याच लेन्सवर थेट यूएसबी-सी छिद्रच दिले. विल्ट्रॉक्सच्या कित्येक लेन्सच्या माउंटवर यूएसबीचे छिद्र असते. माझ्या मते थर्ड पार्टी लेन्स निवडताना काचेच्या गुणवत्तेइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा आहे की तिचे फर्मवेअर मला घरी बदलता येईल का. ज्या लेन्सला हे शक्य नाही, तिची सुसंगती बॉडीच्या पुढच्या अपडेटपर्यंतच गृहीत धरावी.

परवान्याचाही विचार करावा. सिग्मा आणि टॅमरॉन यांनी एप्रिल २०२४ मध्ये कॅननच्या परवान्याने आरएफ माउंटच्या एपीएस-सी (लहान आकाराच्या सेन्सरसाठीच्या) लेन्स जाहीर केल्या. लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा हे २०१८ पासून एल माउंटमध्ये भागीदारच आहेत. अशा लेन्स अपडेटने अचानक गप्प होण्याची शक्यता कमी असते, कारण संभाषणाचा तपशील त्यांना अधिकृतपणे मिळालेला असतो. मात्र परवाना मिळाला म्हणजे सर्व सोयी मिळाल्या असे होत नाही; प्रतिसाद २ मध्ये सोनीची जी मर्यादा सांगितली आहे, ती माउंटचा तपशील खुला असूनही आहे.

प्रतिसाद ८

तक्रार कशी लिहावी याबद्दल कुणी काही लिहिलेले नाही. ‘अपडेटनंतर फोकस बिघडला’ एवढेच लिहिलेल्या पत्राला ‘कॅमेरा रीसेट करून पाहावा’ हेच उत्तर येते. बॉडीची जुनी व नवी आवृत्ती, लेन्सची आवृत्ती, फोकसची पद्धत आणि क्षेत्र, शटर यांत्रिक की इलेक्ट्रॉनिक, आणि दोष हमखास दिसण्यासाठी करायच्या कृती क्रमाने लिहाव्यात. सोबत एकाच दृश्याचे दोन्ही आवृत्त्यांवरील संपूर्ण बर्स्ट मूळ फायलींसह द्यावेत, निवडक चौकटी नव्हे. फोकस कोणत्या लयीत मागेपुढे होतो हे सलग चौकटींतूनच कळते. आणि तक्रार दोन्ही कंपन्यांना पाठवावी, प्रत्येकीला दुसरीलाही कळवल्याचे सांगून.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. जे करून पाहिले त्याची नोंद पुढच्यांच्या उपयोगासाठी ठेवतो.

संपर्कबिंदू पुसून आणि दुरुस्तीचे पर्याय बंद करून काहीही फरक पडला नाही. संपूर्ण रीसेट करून बटणाला हाताने नव्याने काम नेमले, तेव्हा बटण चालू झाले. म्हणजे प्रतिसाद ३ मधील अंदाज बरोबर होता आणि हा दोष लेन्सचा नव्हताच. जतन केलेली सेटिंग्जची फाइल मुद्दाम परत भरून पाहिली, तर बटण पुन्हा मेले. त्यामुळे ती फाइल आता बाजूला ठेवली असून सर्व नेमणुका हाताने केल्या आहेत.

फोकसचे मागेपुढे होणे आणि कोरे नाव मात्र तसेच आहे. प्रतिसाद ८ प्रमाणे दोन्ही कंपन्यांना बर्स्टसह लिहिले. बॉडीच्या कंपनीने इतर उत्पादकांच्या लेन्सबाबत हमी देत नसल्याचे कळवले. लेन्सच्या कंपनीने फायली तपासल्या, दोष आपल्याकडेही दिसत असल्याचे मान्य केले आणि लेन्सचे नवे फर्मवेअर तयार होत असल्याचे लिहिले. तारीख दिलेली नाही, पण तोवर चालणारा एक उपाय सांगितला आहे : ट्रॅकिंगची संवेदनशीलता सर्वांत खालच्या पायरीवर ठेवावी आणि संपूर्ण चौकटीऐवजी लहान फोकस क्षेत्र वापरावे. तसे करून पाहिले. सावकाश चालणाऱ्या विषयावर बर्स्टमधील बहुतेक चौकटी आता वापरण्याजोग्या येतात, उडत्या पक्ष्यावर अजून येत नाहीत. पक्ष्यांसाठी ही लेन्स जुन्या आवृत्तीच्या बॉडीवरच लावतो आहे आणि त्या बॉडीचे अपडेट लेन्सचे नवे फर्मवेअर येईपर्यंत थांबवले आहे. ते आले की त्याच तिपाईवरून तीच चाचणी घेऊन दोन्ही आवृत्त्यांचे बर्स्ट इथे देईन.